हिरालाल शेटजींची हलती इमारत

आपली इमारत आज ना उद्या पडणार, हे छाती फुगवून सांगणारा माणूस हिंगणघाटच्या बाजारात एकच होता, आणि तो म्हणजे हिरालाल शेटजी. लोक आपल्या घराच्या भेगा लपवतात. शेटजी ओळखीच्या माणसाला हाताला धरून भेग दाखवायला न्यायचे. कपडा लाइनच्या, म्हणजे कापडाच्या दुकानांच्या ओळीच्या, तोंडाशी त्यांच्या आजोबांनी बांधलेली दुमजली दगडी इमारत होती, आणि तिच्यासमोरून जाताना शेटजी मुद्दाम रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं चालत. "तिकून नका जाऊ, भाऊ," ते मागून येणाऱ्याला सांगत. "कधी अंगावर येईन, काई भरवसा नाई." मागून येणारा मान वर करून बघायचा, इमारत जागच्या जागी दिसायची, आणि तो खालच्या चक्कीत दळण टाकायला निघून जायचा.

ती चक्कीच सगळ्याचं मूळ होती. खालचा गाळा आणि वरची माडी आनंदाबाईंच्या नवऱ्यानं शेटजींच्या वडिलांकडून भाड्यानं घेतली होती. नवरा गेला, आनंदाबाईंनी पदर खोचला आणि चक्की चालवायला घेतली. आता अर्धा बाजार त्यांच्याच पिठाची भाकर खात होता. बाई अंगानं किरकोळ, पण आवाज असा, की चालत्या चक्कीच्याही वरून पलीकडच्या पानठेल्यापर्यंत जायचा. चक्की बंद असली तरी त्या त्याच पट्टीत बोलत, कारण दुसरी पट्टी त्यांना उरलीच नव्हती.

शेटजींना हा गाळा रिकामा हवा होता, आणि लवकर हवा होता. त्यांचा मुलगा धीरज सरकी-ढेपेच्या दुकानात बसायचा. तळेगावच्या भूपेंद्रजींची मुलगी अंजू त्यानं पाहिली, तिनं त्याला पाहिलं, दोघांनाही पसंत पडलं. अडले ते भूपेंद्रजी. त्यांचीही बाजारात मोठी दुकानं होती आणि मुलगी बी.कॉम. झाली होती. "पोरगं चांगलं आहे," ते म्हणाले, "पन गाईम्हशीची ढेप तोलते. माझ्या पोरीनं मैत्रिणींले काय सांगाव?" यावर शेटजींनी गप्प बसायला हवं होतं. पण ते शेटजी. ते म्हणाले, "ढेप तं टाइमपास हाय, भूपेंद्रजी. बाजाराच्या बीचोबीच मोटरसायकलची शोरूम टाकून राह्यलो मी त्याच्यासाठी." भूपेंद्रजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि मोजून एकच वाक्य बोलले. "शोरूम उभी होऊ द्या, मग सुपारी फोडू."

शोरूमची जागा म्हणजे आनंदाबाईंचा गाळा. शेटजींनी आधी गोडीनं सांगून पाहिलं, मग डोळे वटारून पाहिलं, मग वकील केला. वकिलानं सांगितलं, की अशा खटल्यात धीरजचं काय, धीरजच्या मुलाचंही लग्न होऊन जाईल. पण इमारतच धोकादायक ठरली तर नगरपालिका आठवडाभरात बाईला बाहेर काढील. तेव्हापासून शेटजींना आजोबांच्या इमारतीत मरण दिसू लागलं. पालिकेचा इंजिनियर त्यांनी स्वतः रिक्षानं आणला. त्यानं भिंतीवर थापट्या मारल्या, जिना चढून उतरून पाहिला, आनंदाबाईंनी दिलेला चहा घेतला आणि म्हणाला, "शेटजी, ही इमारत तुमच्या नातवाच्या बारशाला उभी राहणार." एवढा अपमान शेटजींचा कोणी केला नव्हता.

"चक्की चालू झाली का पूर्ण बिल्डिंग थरथर करते, ते दिसत नाई का तुमाले?"

"थरथरणं म्हणजे खचणं नाही. खचत असेल तर पुरावा आणा, मी लगेच सही करतो."

पुरावा आणायचा कुठून? पण वेळ आली की माणूस भेटतो, तसे चंदन सर भेटले. वर्ध्याच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात शिकवणारे हे तरुण गृहस्थ. उपग्रहाच्या मदतीनं इमारतींची हालचाल मोजायची, असा त्यांचा अभ्यासाचा विषय होता, आणि सगळ्या जिल्ह्यात कोणी त्यांना इमारत द्यायला तयार नव्हतं. आपलं घर हलतं की काय हे कोणाला कळून घ्यायचंय? ज्याच्या त्याच्या दारात सर आपला विषय समजावून सांगत, आणि दार लागे. धीरजच्या एका मित्राकडून शेटजींना हे कळलं, तेव्हा त्यांनी सरांना बोलावून घेतलं, ताटभर आलूबोंडे समोर ठेवले आणि म्हणाले, "सर, तुमाले हलती बिल्डिंग पाह्यजे, मले बिल्डिंग हलते हे सांगनारा पाह्यजे. देवानंच गाठ घातली." सरांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं होतं.

ते साल होतं दोन हजार पाच, आणि महिना एप्रिलचा. सरांनी माडीच्या गच्चीवर लोखंडी खांब रोवला आणि त्यावर पांढरं, उलट्या वाडग्यासारखं यंत्र बसवलं. आनंदाबाई पिठानं भरलेले हात कमरेवर ठेवून बघत होत्या.

"हे काय करते?" त्यांनी विचारलं.

"वर आभाळात उपग्रह फिरत असतात, काकू. ते सारखे निरोप सोडत असतात. हे यंत्र एकाच वेळी पाच-सहा उपग्रहांचे निरोप ऐकतं, कोणाचा निरोप यायला किती वेळ लागला त्यावरून कोण किती लांब आहे ते काढतं, आणि त्यावरून आपण स्वतः नेमके कुठे उभे आहोत ते सांगतं."

"म्हंजे चार घरी विचारून पत्ता काढते."

"तसंच समजा. पण एकट्या यंत्राची चूक होते, म्हणून जोडी लागते. एक जिथे हालचालीचा संशय आहे तिथे, आणि दुसरं कधीच न हलणाऱ्या जागी. दोघांमधला फरक बदलला, की समजायचं हे इकडचं हललं."

आनंदाबाईंनी थोडा वेळ त्या पांढऱ्या वाडग्याकडे बघितलं. "इमारत हलली तं माझी चक्की जाईन?"

सर खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी शेटजींकडे बघितलं, मग खाली बघितलं. "जाईल, काकू."

"अन् नाई हलली तं?"

"तर राहील."

"मंग ठेवा," आनंदाबाई म्हणाल्या आणि खाली दळणाला निघून गेल्या. बाई भांडेल, रडेल, शिव्याशाप देईल, अशा तयारीनं शेटजी आले होते. भांडण झालं नाही म्हणून त्यांना उगाचच चुकल्यासारखं वाटलं.

आता प्रश्न दुसऱ्या यंत्राचा. सर म्हणाले, गावाबाहेर बरडावर उघडा खडक आहे, तिथे ठेवणं सगळ्यात बरं.

"खडक कायले?" शेटजी जवळजवळ रागावलेच. "माझा बंगला काय मेला? सर, उभ्या हिंगणघाटात त्याच्यापेक्षा पक्कं घर दाखवून द्या, मी मिशा काढतो. मार्बल हाय खाली. पिलर पाहा पिलर!"

बंगला दोनच वर्षांपूर्वी हायवेच्या बाजूच्या नव्या लेआउटमध्ये बांधला होता, आणि शेटजींचा जीव त्यात अडकलेला होता. सर कचरत होते. पण तो काळ भारनियमनाचा. लाइन, म्हणजे वीज, दिवसातून जितके तास असायची त्याहून जास्त तास नसायची. खडकावर यंत्र ठेवायचं तर रोज भरलेली बॅटरी खांद्यावरून न्यायला हवी, शिवाय उन्हात कोणीतरी राखणीला बसायला हवं. शेटजींच्या बंगल्यावर इन्व्हर्टर होता, कुलूप होतं, आणि अनसूयाबाईंच्या हातचं जेवणही होतं. सरांनी बंगल्याच्या गच्चीवर दुसरं यंत्र बसवलं. न हलणारी जागा म्हणून त्यांच्या हिशेबात शेटजींचा बंगला लागला. शेटजींनी त्या दिवशी जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

अनसूयाबाई, म्हणजे शेटजींची बायको, मात्र जरा घुटमळल्या. बैठकीच्या भिंतीवर त्यांनी व्यापाऱ्यांकडून आलेली सात-आठ कॅलेंडरं लावली होती, काही मागच्या सालची, काही त्याच्याही मागची. सरांना वाटलं, घरात सण-वार फार काटेकोर पाळत असतील. प्रत्येक कॅलेंडरच्या मागे एकेक भेग होती. "अवं," त्या नवऱ्याला आत बोलावून म्हणाल्या, "सरांले आपल्या भिंती दाखवता का?"

"प्लास्टर सुकलं म्हून जराशी चीर पडली. तेवढ्यासाठी उपग्रहाले तकलीफ द्यायची का?" शेटजी म्हणाले, आणि विषय संपला.

यंत्रं लागली, पण शेटजींना स्वस्थ बसवेना. इमारत हलायची ती हलू दे, आपणही थोडा हातभार लावावा, असं त्यांना वाटू लागलं. चक्की जितकी जास्त चालेल तितकी इमारत जास्त थरथरेल, हा हिशेब त्यांनी केला आणि कामाला लागले. नातेवाइकांना, गिऱ्हाइकांना, ढेप न्यायला येणाऱ्या खेड्यातल्या गाडीवाल्यांना, सगळ्यांना एकच सांगणं. "दळन आनंदाबाईकडं टाकजा. तिच्यासारखं बारीक पीठ कोनाचंच नाई." ज्या बाईला बाहेर काढायचं तिची जाहिरात शेटजी फुकट करत होते. स्वतःच्या घरचे गहू तर त्यांनी पोत्यांनी पाठवले. ज्वारी पाठवली, चणाडाळ पाठवली, तांदूळ पाठवले. लाइन आली की ते समोरच्या कापड दुकानाच्या पायरीवर येऊन बसत, आणि चक्कीचा घरघराट ऐकताना त्यांचा चेहरा उजळून जाई.

घरी अनसूयाबाईंनी हात टेकले. "घरात मानसं तीन," त्या म्हणाल्या, "अन् पीठ बारातीचं. कोन खाईन हे?" पोळ्या झाल्या, पुऱ्या झाल्या, शंकरपाळे झाले, शेजाऱ्यांना डबे गेले. शेवटी अनसूयाबाईंच्या हातात डबा दिसला की शेजारीण दार लावून घेऊ लागली. उरलेल्या पिठात अळ्या झाल्या आणि अनसूयाबाई शेटजींना शिव्या देत ते चाळत बसल्या. तिकडे आनंदाबाईंचं दुकान असं काही चाललं, की जूनमध्ये त्यांनी पहिलीपेक्षा मोठी मोटर बसवली. शेटजींना ही बातमी कळली तेव्हा ते टाळी वाजवून म्हणाले, "वा! आता थरथरन!"

पाऊस सुरू झाला आणि पंधरा-वीस दिवसांनी चंदन सर धावतपळत दुकानात आले. "शेटजी, फरक दिसतोय. उंचीत. तुमची इमारत बंगल्याच्या मानानं खाली चाललीय. दिसायला बारीकच, पण चाललीय."

शेटजींनी ढेपेचं गिऱ्हाईक तसंच उभं ठेवलं आणि पेढे आणवले. बाजारात स्वतः फिरून वाटले. लोक पेढा तोंडात टाकून विचारत, "धीरजची सुपारी फुटली का?" शेटजी म्हणत, "बिल्डिंग खचून राह्यली आपली!" बरेच जण आपले अभिनंदन म्हणून मोकळे झाले.

पण सरांच्या कपाळावरची आठी जाईना. जुलैअखेर पावसानं दडी मारली, तशी खचलेली इमारत हळूहळू वर आली. ऑगस्टात पाऊस पुन्हा लागला, ती पुन्हा खाली गेली. सर शेटजींसमोर डोकं धरून बसले. "खाली जाते ते समजू शकतो. पण दगडाची इमारत वर कशी येईल?"

"आली तं आली!" शेटजी म्हणाले. "आपल्याले काय करायचं? खाली गेल्ती ना? तेवढं लिहा."

"असं नाही लिहिता येत, शेटजी."

"बरं मंग तुमाले जसं लिहायचं तसं लिहा. पन मले नका दाखवू. सिध्धं पालिकेत सगळ्यांच्या समोर वाचा. नाई तं उद्या लोक म्हनतीन, शेटनं सरांकडून पाह्यजे तसं लिहून घेतलं." हे त्यांनी पालिकेलाही कळवलं होतं, की चंदन सर जे सांगतील ते मला मान्य आहे आणि त्यावर तात्काळ कारवाई व्हावी. 'तात्काळ' हा शब्द वकिलानं घातला नव्हता. तो शेटजींनी स्वतः घातला होता.

पालिकेनं सुनावणीची तारीख दिली, आणि तिच्या आदल्या दिवशी सरांचा फोन आला. त्या आधीचा आठवडाभर ते तिसरं यंत्र घेऊन बरडावरच्या खडकावर ऊन-पावसात बसले होते. "शेटजी, उद्याच्या आधी जरा बोलायचं होतं..."

"इथं नाई, सर! जे बोलायचं ते उद्या, चार मानसांत. मोठ्यानं बोलजा, मागं ऐकू गेलं पाह्यजे." फोन ठेवला.

पोळा होऊन गेला होता. पालिकेच्या सभागृहात बाजारातली निम्मी दुकानं येऊन बसली होती. पुढच्या रांगेत शेटजी, धीरज आणि वकील. आनंदाबाई चक्की बंद करून आल्या होत्या. केसांना पीठ तसंच होतं, आणि हातात रुमालाची गाठ घट्ट धरलेली. तीस वर्षांचा संसार त्या गाळ्यात गेला होता, आणि तो आज राहतो की जातो ते हा कोवळा मास्तर सांगणार होता. शेटजींचं एकदा त्यांच्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी पटकन मान वळवली.

सर उभे राहिले. "मी दोन्ही जागा पुन्हा मोजल्या, यावेळी खडकावरून. कपडा लाइनमधली इमारत चक्की चालू असताना थरथरते. चक्की थांबली की होती तिथेच असते. खडकाच्या मानानं तिनं जागा सोडलेली नाही. तिचा पाया खोल मुरमात आहे."

शेटजींना वाटलं, सर उलटं बोलले. ते उठलेच. "पन सर, ती खाली चालली म्हनत होते ना तुमी! फरक पडला म्हने!"

"फरक पडला, ते खरंच आहे. पण इमारत खाली जात नव्हती. तुमचा बंगला वर जात होता."

शेटजींच्या वकिलानं हातातली फाइल मिटली.

"लेआउट होण्याआधी तिथे वावर होतं," सर सांगत होते. "काळी माती पाऊस पडला की फुगते, ऊन पडलं की आक्रसते. बंगल्याचा पाया त्या मातीतच आहे, मुरमापर्यंत गेलेलाच नाही. पावसात बंगला उचलला जातो, उघडीप पडली की खाली बसतो, आणि सगळीकडे सारखा नाही. एक कोपरा जास्त, एक कमी. असंच चाललं तर भिंती टिकणार नाहीत. तिथे राहणं आत्ताच धोक्याचं आहे."

पायाखालची जमीन सरकली, असं आपण सहज म्हणून जातो. शेटजींच्या बाबतीत आता ते नुसतं म्हणणं राहिलं नव्हतं. बंगला बांधताना मिस्त्रीनं मुरूम लागेपर्यंत खोदा म्हणून विनवलं होतं. शेटजी म्हणाले होते, जमिनीच्या आतलं कोण बघतं, त्यापेक्षा वर मार्बल लाव.

"पन तुमी मशीन तं न हलनाऱ्या जागी ठेवलं होतं!" ते केविलवाण्या आवाजात म्हणाले.

"तीच माझी चूक, शेटजी. मी तुमच्या शब्दावर गेलो."

तेवढ्यात मागून आनंदाबाईंचा आवाज आला. त्या हळूच शेजारणीच्या कानात बोलायला गेल्या होत्या, पण त्यांचं हळू ते केवढं! "म्हंजे थरथरते, पन जागा सोडत नाई. माह्यासारखीच हाय." सभागृह हसलं. हसता हसता बाईंनी पदर डोळ्यांना लावला, तो बराच वेळ काढला नाही.

पालिकेचा इंजिनियर मात्र तत्पर निघाला. अर्जात 'तात्काळ' असं लिहिलेलंच होतं. पायाची दुरुस्ती होईपर्यंत बंगला रिकामा करावा, अशी नोटीस त्याच संध्याकाळी शेटजींच्या हातात पडली.

भाड्यानं घर शोधायला शेटजी निघाले तेव्हा त्यांना वाटलं, आपल्याला कोण नाही म्हणणार? पण घरमालकांची जात सगळीकडे एकच. जो तो विचारायचा, "शेटजी, मुदत झाली का सोडान ना घर? का कोर्टात जायचं?" भाडेकरू किती चिवट असतो, हे गावाला इतके महिने शेटजींनीच समजावून सांगितलं होतं. शेवटी एक दिवस अनसूयाबाईंनी चप्पल पायात घातली आणि नवऱ्याला न सांगता चक्कीवर गेल्या. आनंदाबाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, दळणाला आलेल्या माणसांच्या मदतीनं माडीवरची पोती खाली उतरवली आणि झाडू मारून घेतला.

"या खुशाल," त्या म्हणाल्या. "पन लाइन आली का चक्की सुरू होईन. मंग पहाट असो का दुपार. तवा शेटजीनं बोलाचं काम नाई."

अशा रीतीनं हिरालाल शेटजी स्वतःच्या इमारतीत आपल्या भाडेकरणीच्या मेहेरबानीनं राहायला आले. पहिले काही दिवस ते माडीवरून खाली उतरताना आनंदाबाईंकडे न बघता जात. मग एकदा आनंदाबाईंनीच हाक मारली, "शेटजी, चहा घेता का?" आणि शेटजींनी घेतला. चहात पीठ उडालेलं होतं. त्यांनी तो तसाच संपवला.

दसऱ्याच्या आधी भूपेंद्रजी येणार म्हणून निरोप आला. बंगल्याची बातमी तळेगावला पोचली नसेल, असं होणं शक्य नव्हतं. हो का नाही ते आता समोरासमोर होणार होतं. धीरजनं त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिडकीशी जाऊन बसला. गेले आठ महिने पोरगा एका शब्दानं काही बोलला नव्हता, पण रात्री त्याचं जेवण कमी झालंय हे शेटजींनी पाहिलं होतं. आपल्या एका फुशारकीपायी पोराचं जमलेलं मोडतंय, या विचारानं त्यांचा जीव खरोखर कासावीस झाला होता.

भूपेंद्रजी जिना चढून आले, गादीवर टेकले, चहाचा कप हातात घेतला, आणि लाइन आली. खाली आनंदाबाईंची नवी मोटर सुरू झाली. बशी वाजू लागली, चहा कपाच्या काठापर्यंत नाचू लागला, भूपेंद्रजींचा चष्मा नाकावरून घसरला. ते कपासकट उभे राहिले. "पडते का काय हे!"

"बसा, बसा," शेटजी घाईनं म्हणाले. "काई होत नाई. लई मजबूत बिल्डिंग हाय."

"बाजारात तं तुमीच सांगत होते, आजकालात पडते म्हून! मले दहा जनांनी सांगतलं."

"माह्यं काय घेऊन बसले तुमी? मले काय समजते त्याच्यातलं? उपग्रहानं पाह्यलं तिले. उन्हाळ्यात पाह्यलं, पावसात पाह्यलं. थरथरते, पन जागा सोडत नाई." हे वाक्य आपलं नाही, हे बोलून झाल्यावर शेटजींच्या लक्षात आलं.

भूपेंद्रजी बिचकत पुन्हा बसले. "असन मजबूत. मंग चक्कीवाली बाई हलत नाई. मंग शोरूम कुठं होते?"

शेटजींच्या जिभेवर उत्तर तयार होतं. हायवेवर जागा बघून राह्यलो, याच्यापेक्षा दुप्पट. एवढं म्हटलं की आजचा दिवस निभावला असता. त्यांनी तोंड उघडलंही. पण खिडकीशी धीरज बसला होता, आणि तो बापाकडे असं बघत होता, की पुढचं त्याला आधीच ऐकू आलंय.

"शोरूम नाई होत," शेटजी म्हणाले. "कधी होनारच नव्हती. मी बोलून गेलतो. बाई हलली नाई, बिल्डिंग हलली नाई, माहा बंगलाच तेवढा हलला. पोरगं ढेपच विकन. इमानानं विकते, एवढं मी सांगतो."

अनसूयाबाईंनी पदर तोंडाशी धरला. भूपेंद्रजींनी बसल्या जागेवरून पुढे सरकून आवाज खाली आणला, पण चक्कीमुळे त्यांना तो परत वर न्यावा लागला. "ते मशीन कुठं भेटते?"

"कायले?"

"आमच्या जुन्या बिल्डिंगीत एक शिंपी बसला हाय, पंधरा वर्षांपासून. काई केल्या उठत नाई. ते मशीन लावून पाह्यलं असतं. एक जुन्या बिल्डिंगीवर, अन् एक आमच्या नव्या बंगल्यावर."

अनसूयाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. शेटजींच्या मनात क्षणभर आलं, की चंदन सरांना उद्याच पाठवून द्यावं. भूपेंद्रजी खूष होतील, उपकार मानतील, सोयरीक पक्की होईल. पुढचं पुढे.

"बंगला कोनत्या जागेवर हाय तुमचा?" त्यांनी विचारलं.

"आमचंच वावर होतं. कपाशीची पऱ्हाटी डोक्याएवढी व्हायची. काळी कसदार जमीन."

शेटजींनी हातातला कप खाली ठेवला. "मशीन नका बोलावू, ईवाईजी," ते म्हणाले. आमच्याकडे व्याह्याला ईवाई म्हणतात, आणि सुपारी फुटल्याशिवाय तसं म्हणत नाहीत. पण तोंडून निघून गेलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. अळ्या झालेलं पीठ, वाटलेले पेढे, मिस्त्रीचं न ऐकलेलं, सभागृहात झालेली शोभा. काहीच लपवलं नाही. सांगताना त्यांना ओरडावं लागत होतं, त्यामुळे खाली दळणाला आलेल्या बायकांनाही सगळं ऐकू गेलं.

भूपेंद्रजी चष्मा पुसत ऐकत होते. "न्हानीचं दार पोळ्यापासून लागत नाई आमच्या," ते शेवटी म्हणाले. "मी सुताराले शिव्या देऊन राह्यलो."

आधी धीरज हसला. मग अनसूयाबाईंना आवरेना, मग शेटजींना, आणि भूपेंद्रजी तर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. डोळे पुसून ते अनसूयाबाईंना म्हणाले, "सुपारी हाय का घरात, वहिनी? खरं बोलनारा ईवाई पुन्हा कुठं शोधत बसू?"

सुपारी आली, खलबत्ता आला. पण जमीन अशी थरथरत होती, की सुपारी खलात टिकेना. एकदा ती उडून गादीखाली गेली, एकदा जिन्यापर्यंत गडगडली. शेटजींनी जिन्याच्या तोंडाशी येऊन हाक मारली, "आनंदाबाई! पोराची सुपारी फुटून राह्यली! चक्की जराशी थांबवता का?"

"गंगाळभर गहू हायत अजून गिऱ्हाइकाचे!" खालून उत्तर आलं. "लाइन जाईन आता अर्ध्या घंट्यात. तवर पोराले म्हना, माह्याकडून लाडवाचं पीठ फुकट!"

शेटजी परत येऊन व्याह्यांच्या शेजारी बसले. सुपारी त्यांनी मुठीत धरून ठेवली, आणि मग सगळे मिळून लाइन जायची वाट बघत बसले.